ओव्यांच्या वह्या आणि अकरा इंची पडदा

प्रश्न : मी ६३ वर्षांची. शाळेत लिपिक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मोबाइलवर वाचून डोळे भरून येतात, म्हणून काहीतरी मोठं घ्यायचं आहे. मुलगा म्हणतो टॅब्लेट घे, वर कीबोर्ड लावला की झाला लॅपटॉप. जावई म्हणतात छोटा लॅपटॉपच घ्या. माझी कामं अशी : बातम्या वाचणं, नातवाशी व्हिडिओ कॉल, वीजबिल, मिळकतकर, नोव्हेंबरात हयातीचा दाखला. शिवाय आमच्या ३२ सदनिकांच्या सोसायटीचे हिशेब माझ्याकडे आहेत. आणि आईनं जात्यावरच्या ओव्या तीन वह्यांत उतरवून ठेवल्या आहेत, त्या टाइप करून भाचरांना द्यायच्या आहेत. मराठी टंकलेखन ४० शब्दांपर्यंत झालेलं आहे. काय घेऊ?
– एक वाचिका, धायरी

उत्तर : तुमची यादी दोनदा वाचली आणि पेन्सिलनं निम्मी खोडली. वीजबिल, मिळकतकर, नातू ही सगळी कामं तुमचा मोबाइल आजही करतोच आहे. हयातीच्या दाखल्यासाठीही नवं काही लागत नाही. ‘जीवन प्रमाण’मध्ये २०२१ पासून चेहरा दाखवून अँड्रॉइड फोनवरून दाखला देता येतो. सोबत आधारचं चेहरा ओळखणारं ॲप घ्यावं लागतं, आणि तुम्हाला पेन्शन देणारा विभाग या सोयीत आहे ना, ते बँकेत विचारून ठेवा. पैसे मोजायचे ते मोबाइलला न जमणाऱ्या कामांसाठी. तशी दोन उरतात, हिशेब आणि वह्या. दोन्ही लिहिण्याची. तेव्हा लॅपटॉप घ्या.

जावई खूश होतील. मुलाची समजूत मी काढते, कारण ‘कीबोर्ड लावला की झाला लॅपटॉप’ हे वाक्य मी स्वतः एकदा दुकानदाराकडून विकत घेतलं आहे.

माझ्या वडिलांची सदाशिव पेठेत टंकलेखन संस्था होती. बारा यंत्रं, अकरा चालू आणि एक कायम उघडं करून ठेवलेलं. शाळेतून आले की त्या खटखटीत बसून अभ्यास करायचा. सांगायचा मुद्दा असा, की ज्याची बोटं अशा यंत्रावर तयार झाली त्याला कळा किती अंतरावर आहेत हे डोळ्यांनी बघावं लागत नाही. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. दहा-अकरा इंची टॅब्लेटच्या झाकणातला कीबोर्ड त्या रुंदीत बसवायचा म्हणजे कुठंतरी कात्री लागणारच. बहुधा कडेच्या कळांना लागते. आणि मराठीत नेमक्या त्या कडेच्या कळांवरही अक्षरं असतात! इंग्रजीवाल्याचा एखादा अर्धविराम चुकेल, तुमचा अख्खा शब्द चुकेल. शिवाय हे झाकण टेबलावर उभं राहतं, मांडीवर कोलमडतं. वजनाचं म्हणाल, तर टॅब्लेट अर्धा किलोचा, पण कीबोर्डाचं झाकण लावलं की किलोच्या आसपास जातो. हलका म्हणून घ्यायचा आणि नंतर जड करायचा, यात काय मिळवलं?

दुकानात गेलात की पडद्यावरचे चकचकीत व्हिडिओ बघू नका. आपले चार शब्द टाइप करून बघा : ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ज्ञानेश्वर’, ‘बॅट’. ‘दुसऱ्या’मधला र नीट येत नसेल, ‘दुसर्या’ असा डोक्यावर रफार घेऊन येत असेल, तर कारण शोधायला हवं. तो वेगळा र आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखीच उघडणाऱ्या अक्षरपद्धतीत, नुक्ता (खालचं टिंब) दिलेल्या ऱ ला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) लावून पुढं य किंवा ह लिहिला की ‘दुसऱ्या’तला र उमटतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी) शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबलं की मिळतो. विक्रेत्या मुलाला हे ठाऊक नसेल. त्याला रागावू नका, पण त्याच्या ‘हो मॅडम, मराठी चालतं’वर विसंबूही नका. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून देतो म्हणाला तर नको म्हणा, तुम्हाला त्यांची काय गरज?

तुमचा हात रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टंकयंत्रांच्या, मांडणीवर बसलेला असणार. इनस्क्रिप्ट नव्यानं शिकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी पन्नाशीत शिकले, तीन आठवडे चिडचिड झाली. नको असेल तर मांडणी रेमिंग्टनची ठेवून युनिकोडमध्ये लिहू देणारी साधनं विंडोजवर मिळतात. लॅपटॉपच्या बाजूनं हाही एक मुद्दा. पण काही झालं तरी युनिकोडच. शाळेच्या कार्यालयात तुम्ही ज्या जुन्या फाँटात पत्रं टाइप करायचात, त्यातली फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की काय दिसायचं आठवतंय ना? डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळं फाँट नसेल तिथं मजकूरही नसे. आईच्या ओव्या भाचरांच्या मोबाइलवर तशा उघडल्या तर श्रम गेले.

मुलगा कदाचित म्हणेल, टाइप कशाला करायचं, बोलून लिहून घे. बोलून लिहिणं आता खरंच छान झालं आहे, मी किराण्याची यादी तशीच करते. पण ते यंत्र प्रमाण मराठी ऐकायला शिकलं आहे. माझ्या आजीच्या तोंडची दोन वाक्यं सांगून पाहिली, तर त्यानं शेवटचे अनुस्वार गाळले आणि ‘माज्या’चं निमूटपणे ‘माझ्या’ केलं. पत्र असतं तर मी आभार मानले असते. ओवीत ‘माज्या’च हवं. तिथं आईचा उच्चार जपायचा आहे, म्हणजे बोटंच हवीत. टाइप करायच्या आधी मात्र तिन्ही वह्यांच्या पानापानाचे फोटो खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढून ठेवा. हे आजच करा, खरेदीची वाट बघू नका.

आता कुठला लॅपटॉप. ‘छोटा’ या शब्दात फसायला जागा आहे. छोटे लॅपटॉप दोन जातींचे. एक हलका, देखणा आणि महाग. दुसरा स्वस्त, अकरा इंची आणि जीव नसलेला. २०१७ मध्ये मी दुसऱ्या जातीचा घेतला. साठवण ३२ जीबी, तीही मंद प्रकारची, आणि विंडोजनंच त्यातली बरीच व्यापलेली. तिसऱ्या महिन्यात विंडोजला स्वतःला अद्ययावत करायचं होतं आणि जागा नव्हती. मी फोटो काढले, गाणी काढली, तरी ते रोज सकाळी जागा मागायचं. दुकानदार म्हणाला, मॅडम, पेनड्राइव्ह लावा. लावला. नातेवाइकाला पाहुणचार करावा तसा त्या लॅपटॉपचा मी वर्षभर पाहुणचार केला.

म्हणून १४ इंची बघा. साधारण दीड किलोचा असतो, घरातल्या घरात न्यायला जड नाही. मेमरी ८ जीबी, साठवण एसएसडी, निदान २५६ जीबी. ‘ईएमएमसी’ (तीच ती मंद साठवण) असा शब्द दिसला की पुढच्या दुकानात. विंडोज ११ किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवणीवर चालतं असं कंपनी सांगते. त्या किमानावर संसार होत नाही. आयटी कंपन्यांतून निघालेले वापरलेले लॅपटॉप टिळक रोडवर कोणी दाखवले तर वाईट नसतात, कीबोर्ड तर पुष्कळदा नव्या स्वस्त यंत्रांहून चांगला असतो. फक्त प्रोसेसरचा आकडा वाचा. इंटेलचा आय-फाइव्ह ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. विंडोज ११ रीतसर चालायला ढोबळमानानं आठवी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीचा कितीही स्वस्त असला तरी सोडा.

हिशेबासाठी लिबर ऑफिस फुकट मिळतं, ३२ सदनिकांना पुरून उरेल. टॅब्लेटवर तक्ता भरताना पडद्यावरचा कीबोर्ड वर आला की खालचा अर्धा तक्ता झाकला जातो, मग देखभाल शुल्क कोणाच्या नावावर पडलं ते वार्षिक सभेत कळतं. आणि ३० सप्टेंबरच्या आत ती सभा घ्यायची तर लेखापरीक्षकांच्या हातात पेनड्राइव्ह त्याआधीच गेलेला हवा.

राहिले डोळे. इथं मुलाचं म्हणणं मला मान्य आहे. आरामखुर्चीत वाचायला टॅब्लेटच सरस, मीही रात्री त्यावरच वाचते. पण लॅपटॉप घेण्याआधी चष्म्याचं बघून घ्या. वाचायचा नंबर पस्तीस-चाळीस सेंटिमीटरसाठी असतो, लॅपटॉपचा पडदा हातभर लांब. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करून बसाल आणि मान दुखली की लॅपटॉपला नावं ठेवाल. डॉक्टरांना सांगा, मधल्या अंतराचा नंबर काढून द्या. पडद्यावरची अक्षरंही दीडपट मोठी करता येतात, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १५० टक्के करा. मुलाला फारच वाटत असेल तर टॅब्लेट त्यानं वाढदिवसाला द्यावा. साधा, कीबोर्डाविना.

प्रश्न : स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे. टॅब्लेटवर पेननं नोट्स काढणारे मित्र बघून मोह होतो. टॅब्लेटवर भागेल का?
– एक विद्यार्थी, वडगाव

उत्तर : नोट्सचं भागेल, ऑटोकॅडचं, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायच्या प्रोग्रॅमचं, नाही. पूर्ण ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर चालतं, टॅब्लेटवर मिळते ती छोटी आवृत्ती. लॅपटॉप घ्या, आणि तोही छोटा नको. मोहासाठी वही आणि ०.५ ची पेन्सिल.

प्रश्न : कपाटातला जुना टॅब्लेट काढला तर मागचं झाकण फुगून पडदा उचलला गेला आहे. चार्ज करून बघू का?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : अजिबात नको. आतली लिथियम बॅटरी वायूनं फुगली आहे. दाबू नका, टोचू नका, चार्जरला लावू नका, आणि घरातल्या सुक्या कचऱ्यातही टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दबली तर पेट घेऊ शकते. कागद-कपड्यांपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे बॅटरी फुगल्याचं सांगून द्या. आतले फोटो हवे असतील तर दुरुस्तीवाल्याला विचारा, घरी उघडू नका. चार्जर चांगला असेल तर तेवढा ठेवा.