बाबांचं अपघातात कमरेचं हाड (पेल्व्हिस) मोडलं, प्लेट-स्क्रू टाकलेत, चालायला कधी लागतील?

वॉकर घेऊन काही दिवसांतच उभं करतात, पण मोडलेल्या बाजूच्या पायावर पूर्ण वजन साधारण 3 महिन्यांनीच, तेही एक्सरेत हाड जुळलेलं दिसलं तर. मी ऑर्थो वॉर्डात फिजिओ आहे, रोज हेच बघतो. प्लेट टाकली म्हणजे हाड जुळलं असं नसतं, प्लेट नुसती धरून ठेवते, जुळायला वेळ लागतोच आणि घाई केली तर स्क्रू सैल होतात. तोपर्यंत पाय टेकवायचा तो असा की खाली भाजलेला पापड आहे आणि तो मोडू द्यायचा नाही. घरी कमोड खुर्ची आणा, उकिडवं बसणं, मांडी घालणं सर्जन सांगेपर्यंत बंद. रक्त पातळ करायचं औषध दिलं असेल तर मनाने थांबवू नका (लोक हमखास थांबवतात), पोटरी सुजली किंवा अचानक दम लागला तर थेट कॅज्युअल्टी गाठा. दोन्ही बाजूंना मोडलं असेल तर मात्र हे गणित बदलतं, बरेच आठवडे नुसतं बेडवरून व्हीलचेअरवर, त्यामुळे वजन कधी टाकायचं ते डिस्चार्ज कार्डावर सर्जनकडून लिहूनच घ्या.