मधली शंभर वर्षं वगळू नका

प्रश्न : अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. तरी तिथल्या आजच्या विषमतेची कारणं कृष्णवर्णीयांच्या इतिहासात शोधणं ओढूनताणून वाटत नाही का? (बी.ए. इतिहासाचा विद्यार्थी, शिवाजी पेठ)

उत्तर : १८६५ वरून थेट आजवर उडी मारली, तर तसं वाटणारच. खरी घडामोड आहे ती पुढच्या शंभर वर्षांत, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या वाचनातून सुटते.

आधी जमीन बघा. यादवी युद्ध संपत आलं असताना, जानेवारी १८६५ मध्ये, केंद्राच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी आदेश काढला : साउथ कॅरोलिना-जॉर्जियाच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायची, प्रत्येकी ४० एकरांपर्यंत. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. मग मजुरी. गुलामगिरी बंद करणाऱ्या १३व्या घटनादुरुस्तीतच गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी करून घ्यायला मुभा राहिली. मिसिसिपीने लगेच कायदा केला : दर जानेवारीत कृष्णवर्णीय माणसाने आपल्याला काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. पुरावा नसेल तर तो भटका ठरणार, त्याला दंड होणार, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे त्याने राबायचं. हे पहिले कायदे लवकरच रद्द झाले, पण युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं केंद्राचं सैन्य १८७७ मध्ये तिथून निघालं आणि तीच पद्धत नव्या नावाने परतली. कैदी खाणींना आणि मळ्यांना भाड्याने देणं अलाबामाने थांबवलं ते १९२८ मध्ये.

आता घर. आजची संपत्तीतली दरी समजायला हाच भाग सर्वांत उपयोगी आहे. १९३४ पूर्वी अमेरिकेत घरासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागे आणि उरलेलं कर्ज पाच-दहा वर्षांत फेडावं लागे. त्या वर्षी फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, स्थापन झालं. किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, २० वर्षं मुदतीच्या कर्जाला सरकारी विमा मिळू लागला, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेची भरपाई होणार. बँकेची भीती गेली, पगारदार माणूस घरमालक झाला. पण एफएचएच्या नियमांत कृष्णवर्णीयांची वस्ती जोखमीची धरली होती. तिथल्या घरांच्या कर्जाला हा विमा मिळणं जवळजवळ अशक्य झालं, आणि नव्या उपनगरांत त्यांना घर विकू नये अशी अट खरेदीखतातच घातलेली असे.

हा भेद कायद्याने बंद झाला १९६८ मध्ये. तोवर उपनगरांतल्या घरांच्या किमती चढल्या होत्या. १९५० मध्ये तिशीत घर घेतलेल्या माणसाची नातवंडं आज कमावती आहेत. त्या घरावर कर्ज काढून कुणी कॉलेजची फी भरली, कुणी दुकान टाकलं, कुणाला ते वारशाने मिळालं. शिवाय तिथल्या शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. घरं स्वस्त, तर कर कमी. कर कमी, तर शाळेकडे पैसा कमी. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाच्या संपत्तीचा मध्यक (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली, तो आकडा) २,८५,००० डॉलर होता, कृष्णवर्णीय कुटुंबाचा ४४,९००. हा आकडा पगाराचा नाही, साठलेल्या मालमत्तेचा आहे. पगार एका पिढीत वाढू शकतो, मालमत्ता साठायला पिढ्या लागतात. मधली शंभर वर्षं ठाऊक नसतील, तर हा फरक आळसाचा किंवा उधळेपणाचा परिणाम वाटू लागतो, आणि तसं बोलणारे पुष्कळ आहेत.

एक खबरदारी घ्या. समाजमाध्यमांवर कर्जासाठी जोखमीच्या ठरवलेल्या वस्त्या लाल रंगात दाखवणारे जुने नकाशे फिरतात आणि सगळा दोष त्यांच्यावर टाकला जातो. ते नकाशे होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन, म्हणजे एचओएलसी, या दुसऱ्या सरकारी संस्थेचे. त्या संस्थेने कृष्णवर्णीयांनाही कर्जं दिली होती. मोठी भिंत एफएचएच्या नियमांची होती. नकाशा पुरावा म्हणून जरूर वापरा, पण एकमेव कारण म्हणून नको.

प्रश्न : कोल्हापूरच्या माणसाचा या इतिहासाशी काय संबंध? (वाचक, पन्हाळा)

उत्तर : १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर हबशी, म्हणजे मूळचा आफ्रिकी वंशाचा. त्याआधी अहमदनगरची निजामशाही सावरणारा मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियन होता. दख्खनच्या दरबारांत अशी माणसं सरदार आणि वजीर झाली. अमेरिकेच्या मळ्यांवर मात्र आई गुलाम तर मूल गुलाम, असा कायदाच होता. या दोन्हींना एकाच पारड्यात टाकू नका.

जोतीराव फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचं नाव घेऊन. म्हणून जात आणि वंश एकच, असं मात्र नाही. जातीला धर्मग्रंथांचा आधार दिला गेला, अमेरिकेत कातडीच्या रंगाला कायद्याचा.

प्रश्न : नववीच्या वर्गात हा विषय घ्यायचा आहे. ४० मिनिटांचे दोनच तास आहेत. कसा घ्यावा? (शिक्षिका, गडहिंग्लज)

उत्तर : सुरुवात साखळदंडांच्या चित्राने करू नका. मुलं हळहळतात आणि तिथेच थांबतात. वरचे दोन मध्यक फळ्यावर लिहा आणि १० मिनिटं मुलांना कारणं सुचवू द्या. कोणतंही कारण खोडू नका. मग पाच-पाच जणांच्या गटांना १८६५, १८७७, १९३४ आणि १९६८ अशा चार चिठ्ठ्या द्या. प्रत्येक चिठ्ठीवर नियम किंवा घटना दोन ओळींत असावी. फळ्यावरच्या आकड्यापर्यंत बाण जोडायचं काम गटाचं.

दुसऱ्या तासाला रिचमंड विद्यापीठाच्या ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ या मोफत संकेतस्थळावरून एचओएलसीने केलेला एका शहराचा नकाशा आणि त्यासोबतचा एका वस्तीच्या माहितीचा तक्ता छापून आणा. तक्त्यात रहिवाशांच्या रकान्याखाली कृष्णवर्णीय आहेत का आणि किती टक्के, असा प्रश्न छापलेलाच आहे. तो मुलांनी स्वतः शोधावा. त्याशेजारी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा ठेवा, ज्यात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. दसरा चौकातली बोर्डिंगं मुलांनी पाहिलेली असतात. त्यामुळे सरकारी निर्णयाने दार बंदही होतं आणि उघडतंही, हे त्यांना लगेच उमगतं.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, गुलामांच्या लिलावाचं नाटुकलं. ते अजिबात नको. वर्गात ज्यांच्या घरी अपमानाच्या आठवणी ताज्या आहेत, अशा मुलांवर ते उलटतं. दुसरी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्वप्नाच्या भाषणावर तास संपवणं. ते भाषण ज्या मोर्च्यात झालं, तो १९६३ चा मोर्चा रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी होता, आणि तासाला किमान दोन डॉलर मजुरी ही त्यातली एक मागणी होती. ती फळ्यावर लिहा. १८९२ पासून जमावाने केलेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांची नोंद ठेवून, आकडेवारीसह छापणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्यासाठी पाच मिनिटं राखा. सोसणाऱ्यांइतकेच लढणारेही मुलांना दिसले पाहिजेत.

वह्या तपासताना एवढं बघा : प्रत्येक कारणासमोर वर्ष आणि नियम आहे का. नुसतं ‘अन्याय झाला’ असं लिहिलं असेल, तर वही परत देऊन ‘कोणत्या नियमाने?’ असं विचारा.