ब्लूटूथ इअरबड्सवर लॉसलेसचा फरक कळतो का?

तुम्ही विचारलंय की स्पॉटिफाय सोडून लॉसलेससाठी, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेल्या गाण्यांसाठी, ॲपल म्युझिक घ्यावं का, आणि ऐकता ब्लूटूथ इअरबड्सवर. एवढ्या एका कारणासाठी घेऊ नका.

सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिटचा. स्पॉटिफायची 'व्हेरी हाय' सेटिंग ३२० पर्यंत, ॲपलचं नेहमीचं एएसी (दाबून लहान केलेल्या गाण्याचा एक प्रकार) २५६. ॲपलने २०२१ पासून त्याच पैशात लॉसलेस दिलं, स्पॉटिफायनेही सप्टेंबर २०२५ मध्ये ते आणायला सुरुवात केली. पण ब्लूटूथवर पाठवताना फोन ते गाणं पुन्हा दाबून लहान करतो. हे दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. त्यातल्या एसबीसी कोडेकची धाव साधारण ३२८ पर्यंतच. एलडॅक हा दुसरा कोडेक ९९० पर्यंत जातो, पण आयफोनवर तो नाही. मग बहुतेक इअरबड्सवर लॉसलेसचं लॉसलेसपण कानापर्यंत पोचतच नाही.

वायरचे हेडफोन लावून मी हे करून पाहिलंय. फोन धाकट्या बहिणीच्या हातात, मी डोळे मिटून, यमनचा विलंबित ख्याल. पहिल्या फेरीत एक सेवा सरळ सरस वाटली. मग कळलं, तिचा आवाजच थोडा मोठा होता. स्पॉटिफाय गाण्यांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा ते मोजायचं एकक) आणतं, ॲपलचं साउंड चेक उणे १६ वर. एवढासा फरक कानाला 'मोठा' वाटत नाही, 'छान' वाटतो. आवाज सारखा करून घेतल्यावर ३२० आणि लॉसलेसमधलं २० पैकी ११ वेळा ओळखलं, म्हणजे ओळखता आलंच नाही.

९६ किलोबिटला मात्र लगेच कळतं. टाळांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो, तबल्याच्या चाटेवरचा (कडेवरचा) 'ना' पसरतो, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणझण, बोथट लागते. सेटिंग 'ऑटोमॅटिक' असेल तर रेंज कमी असताना गाणं तिथपर्यंत घसरू शकतं. म्हणून मोबाइल डेटा, वायफाय आणि डाउनलोड या तिन्हींची क्वालिटी एकदा हाताने वाढवून घ्या. ३२० ला तासाला साधारण १४४ एमबी जातात. लॉसलेसला त्याच्या दुपटीहून जास्त.

जुनं मराठी, शास्त्रीय ऐकत असाल तर सेवेपेक्षा रेकॉर्डिंगची प्रत कुठली मिळाली यानेच जास्त फरक पडतो, आणि याकडे फारच कमी लोक बघतात याचं मला वाईट वाटतं. एकच ध्वनिमुद्रण तीन-चार अल्बममध्ये असतं. कुणी खरखर काढता काढता तानपुराही पुसून टाकलेला असतो, कुणी आवाज इतका चढवलेला असतो की समेवरचा तबला चपटा लागतो. असं आधीच बिघडलेलं मुद्रण लॉसलेसमध्ये तसंच्या तसं बिघडलेलं ऐकू येतं.

तुमच्या आवडीचा एखादा जुना अभंग आज निरनिराळ्या अल्बममधून लावून बघा. गायक श्वास घेतो तेवढ्या जागेत मागचा तानपुरा ऐकू येतोय का, तेवढंच ऐका. जिथे येतोय ती प्रत ठेवा.