वाद्यवृंद व्यवस्थापनासाठी नेतृत्वाचे प्रशिक्षण : एमबीएच्या आधी बदली वादकांची वही

आपण विचारले आहे की, सयाजीराव विद्यापीठातून व्हायोलिन घेऊन पदवी झाल्यावर वाद्यवृंदाच्या व्यवस्थापनात शिरायचे असेल, तर एमबीए करावे की परदेशातील नेतृत्वाचा अभ्यासक्रम. मी बडोद्यात एकोणीस वर्षे सुगम संगीताचा आणि नवरात्रात गरब्याचा वाद्यवृंद सांभाळतो आहे. सिम्फनी, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा मोठा वाद्यवृंद मी चालवलेला नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

एमबीएला माझा विरोध नाही, परंतु तेथे अंदाजपत्रक शिकवतात, वादक सांभाळायला शिकवत नाहीत. आणि या धंद्यातले मोठे तंटे वाजवण्यावरून क्वचितच होतात. १८८२ साली बर्लिनमध्ये वाद्यवृंदाचे संचालक बेंजामिन बिल्झे यांनी आपल्या वादकांना कार्यक्रमासाठी चौथ्या वर्गाच्या डब्यातून वॉर्साला न्यायचे ठरवले, तेव्हा आधीच नाराज असलेले ५४ जण बाहेर पडले आणि त्यांच्यातूनच बर्लिन फिलहार्मोनिक उभा राहिला. लंडनमध्ये हेन्री वुड यांच्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदात स्वतःऐवजी बदली वादक पाठवण्याची मुभा बंद झाली, तेव्हा दुखावलेल्या वादकांनी १९०४ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. तालमीला एक आणि कार्यक्रमाला दुसराच माणूस, हे कोणता संचालक सहन करील? वुड यांचे चुकले नव्हते. पण बदली पाठवून दुसरीकडे वाजवण्यावर ज्याचे घर चालते, त्याला पर्याय न देता नियम लादला की असेच होते.

माझ्याकडे हे सहाव्या नवरात्राला घडले. कीबोर्डवाल्याने दुपारी बदली पाठवला, मुलगा तयारीचा होता, पण त्याच्या वहीत सारी गाणी काळी दोन या पट्टीत (स्वराच्या उंचीत) उतरवलेली आणि आमची गायिका गाणार काळी पाचमध्ये. त्याने बटण दाबून पट्टी चढवली खरी, मात्र दुसऱ्या गरब्यानंतर ती पूर्ववत झाली आणि मैदानभर लोक फेर धरून असताना गायिका माझ्याकडे पाहत राहिली. तेव्हापासून मी एक वही ठेवतो : प्रत्येक वाद्यासाठी दोन बदली, त्यांनी कोणती तालीम ऐकली, कोणाच्या पट्ट्या लिहून आहेत, आणि बदलीचे मानधन कोण देणार. शेवटचा रकाना भरताना सर्वांत जास्त बोलावे लागते.

सिम्फनीत हीच वही कार्मिक व्यवस्थापकाकडे, म्हणजे वादकांची नेमणूक-हजेरी पाहणाऱ्याकडे असते. वाद्यवृंदाच्या ग्रंथपालाकडे प्रत्येक वादकाचे स्वरलिपीचे सुटे कागद असतात आणि मुख्य व्हायोलिनवादकाने ठरवलेल्या गजाच्या खुणा (गज कोणत्या दिशेने ओढायचा ते) तालमीआधी तंतुवाद्यांच्या सर्व कागदांवर उतरवाव्या लागतात. आपण व्हायोलिनवादक आहात, म्हणून प्रवेशाचे दार मला तिथे दिसते. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामात असे काम मिळते का, ते पत्र लिहून विचारावे. पद कितीही लहान असले तरी.

परदेशी प्रशिक्षण त्यानंतर. अमेरिकेत १९४२ साली स्थापन झालेली लीग ऑफ अमेरिकन ऑर्केस्ट्राज व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देते, आणि देणग्या, विश्वस्त मंडळ, वर्गणीदार या गोष्टी तेथे नीट कळतील. त्या कळायलाच हव्यात, कारण बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच दाखवले की इतर उद्योगांत यंत्रांमुळे उत्पादन वाढते, पण चार वादकांची रचना वाजवायला आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. पगार मात्र जगाबरोबर वाढतात, त्यामुळे नुसत्या तिकिटांवर भागत नाही.

नवरात्र जवळ आले आहे. नऊ रात्री रंगमंचामागे बसायची तयारी असेल तर कळवावे, वही मी आपल्या हाती देईन.