'माफियाच्या काळात लास वेगास चांगलं होतं,' असं तिथले जुने रहिवासी म्हणतात. खरंच तसं होतं का?

तेव्हा इथले बरेच कॅसिनो माफियाच्या हातात होते. मी वेगासमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. माझे बरेच पेशंट कॅसिनोतून निवृत्त झालेले, त्यामुळे हे वाक्य सतत कानावर पडतं. म्हणणारा अगदी मनापासून म्हणतो.

खांदा दुखतो म्हणून येणारे एक आजोबा 1964 पासून पत्ते वाटायचे. व्यायाम संपला की ते टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवतात. टेबल सोडताना हातात चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) लपवलेली नाही, हे छतातल्या आरशामागून पाहणाऱ्या पहारेकऱ्याला दाखवायची ती सवय, अजून सुटलेली नाही. ते सांगतात, मालक नावानं हाक मारायचा, टिपांवर घर झालं. जेवण, खोल्या, गाण्याचे कार्यक्रम सगळं स्वस्त, कारण खरी कमाई जुगाराची. (त्यातली रोकड मोजणीच्या खोलीतूनच परस्पर गायब व्हायची, तेही ते सांगतात.) 1969 च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना कॅसिनो चालवायची वाट मोकळी झाली आणि पुढे स्वयंपाकघरालाही नफा दाखवावा लागला. त्यांची हळहळ मला पटते.

पण माझ्याकडे एक आजीही येतात. त्या रेल्वेरुळांपलीकडच्या वेस्टसाइडमध्ये वाढल्या, काळ्या लोकांच्या वस्तीत. नॅट किंग कोलसारखा काळा गायक स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावर, गायचा, पण त्याच हॉटेलात त्याला खोली मिळायची नाही. झोपायला वेस्टसाइडलाच यावं लागायचं. मे 1955 मध्ये तिथे 'मूलाँ रूज' उघडलं. काळे-गोरे एकत्र बसतील असा शहरातला तो पहिला कॅसिनो-हॉटेल. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. आई तिथे खोल्या आवरायची आणि त्या बाहेर उभ्या राहून पाटीचे दिवे बघत बसायच्या. काही महिन्यांतच ते बंद पडलं. त्याच बंद हॉटेलात मार्च 1960 मध्ये, काळ्यांच्या नेत्यांनी मोर्चाचा इशारा दिल्यावर, स्ट्रिपची दारं काळ्यांना उघडायचा समझोता झाला. त्या पाटीची अक्षरं आता निऑन म्युझियममध्ये आहेत. वेगासला आलात तर ती जरूर बघा, शक्यतो अंधार पडल्यावर.

दारं उघडली तरी चांगल्या नोकऱ्यांसाठी 1971 मध्ये कोर्टाचा आदेश यावा लागला. म्हणून एकदा आजोबांना विचारलं, तुमच्या शेजारच्या टेबलावर काळा डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, कधी होता का? ते बराच वेळ आठवत बसले. मग म्हणाले, "सुरुवातीची कितीतरी वर्षं एकही नाही. आणि ते मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही."