अँड्रोमेडा 25 लाख प्रकाशवर्षं दूर, पण मोजलं कसं?

प्रश्न: अँड्रोमेडा दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षं लांब आहे असं सगळीकडे वाचतो. तिथून प्रकाश यायलाच एवढी वर्षं लागतात, मग हे मोजलं कोणी? की नुसता अंदाज आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नुसता अंदाज अजिबात नाहीये. फक्त हे एका फटक्यात मोजलेलं नाही, आधी जवळचं मोजायचं आणि मग त्याच्या आधाराने लांबचं.

जवळच्या ताऱ्यांसाठी पॅरॅलॅक्स. हात लांब करून अंगठा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो ना, तसंच, फक्त दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं, म्हणजे सहा महिन्यांनी परत तोच तारा बघायचा, मधलं अंतर 30 कोटी किलोमीटर. 1838 मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने 61 सिग्नी या ताऱ्याचं अंतर असंच काढलं, साधारण 10 प्रकाशवर्षं. आजचा आकडा 11.4 आहे!

पण फार लांबचा तारा इतका कमी सरकतो की पकडताच येत नाही. इथे हेन्रिएटा लेविटचं काम येतं आणि माझ्या मते या सगळ्यात मोठं काम तिचंच. हार्वर्डच्या वेधशाळेत ती पेरूहून आलेल्या काचेच्या फोटोप्लेट तपासायची. छोट्या मॅजेलॅनिक मेघातले (हा ढग नव्हे, आपल्या शेजारची एक छोटी दीर्घिका) 25 सेफीड, म्हणजे ठराविक दिवसांनी उजळ-मंद होणारे तारे, तिने घेतले आणि 1912 मध्ये दाखवलं की तारा जितका तेजस्वी तितका त्याचा कालावधी मोठा. हे सगळे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे जो जास्त तेजस्वी दिसतो तो खरोखरच जास्त तेजस्वी. मग काय, दिवस मोजले की खरं तेज कळतं, ते दिसणाऱ्या तेजाशी ताडायचं (अंतर दुप्पट तर तेज पाव) की अंतर हातात.

1923 मध्ये एडविन हबल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाला अँड्रोमेडात असा एक सेफीड सापडला, 31 दिवसांचा. अंतर आलं 9 लाख प्रकाशवर्षं, म्हणजे खऱ्यापेक्षा खूप कमी, कारण सेफीड दोन प्रकारचे असतात हे तेव्हा माहीत नव्हतं, ते पुढे वॉल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं आणि 1952 मध्ये आकडा दुपटीच्या वर गेला. लेविट मात्र 1921 मध्येच गेली, तिला यातलं काहीच बघायला मिळालं नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

आता हे गणित जुळवायला आपल्याच दीर्घिकेतल्या काही सेफीडचं अंतर आधी माहीत लागतं आणि ते परत पॅरॅलॅक्सनेच काढतात. त्यासाठीच युरोपच्या गाया यानाची मोजमापं इतकी मोलाची आहेत.