पहिल्या दहातली शाळा, पण कोणाच्या यादीतली?

प्रश्न : मुलीला पहिलीत घालायचं आहे. आमच्या भागातल्या तीन शाळांच्या फाटकावर 'क्रमांक १'चा फलक आहे. तिन्ही एकाच वेळी पहिल्या कशा? (पुणे)

सहज. यादी करणारे आधी शाळांचे गट पाडतात : दिवसाची, निवासी, दिवसा-निवासी, आंतरराष्ट्रीय, फक्त मुलींची. मग प्रत्येक गटाचा देशात, राज्यात आणि शहरात वेगळा क्रम लावतात. त्यामुळे पहिले क्रमांक पुष्कळ निघतात. फलकावर 'क्रमांक १' हातभर मोठं आणि गटाचं नाव मुंगीएवढं असतं. शाळेला एवढंच विचारा : कोणती यादी, कोणत्या वर्षाची, कोणता गट, आणि त्या गटात शहरातल्या शाळा किती?

मुद्दा गुण कुठून येतात हा आहे. 'एज्युकेशनवर्ल्ड' या शिक्षणविषयक मासिकाची २००७पासून निघणारी यादी आपल्याकडे फार गाजते. ती मुख्यतः मतचाचणीवर उभी आहे. पालक, मुख्याध्यापक आणि शिक्षक माहितीतल्या शाळांना निकषांवर गुण देतात. वर्गात बसून तास कोणी पाहत नाही. म्हणून जुनं, गाजलेलं नाव वर राहतं. मुख्याध्यापक बदलले, निम्मे शिक्षक सोडून गेले, तरी क्रमांक लगेच हलत नाही. आणि चांगल्या नव्या शाळेला वर यायला वर्षं लागतात. हॉटेलातल्या समारंभात मिळालेल्या ढाली तर बाजूलाच ठेवा. तिथे शाळेनं पुरस्कारासाठी प्रवेशशुल्क भरलं होतं का, हा प्रश्न मात्र जरूर विचारा.

प्रश्न : सीबीएसई शाळा सलग तीन वर्षं १०० टक्के निकाल सांगते. तेवढं पुरे का? (ठाणे)

नाही. सीबीएसईच्या शाळेला आपल्या संकेतस्थळावर 'मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' नावाचं पान ठेवावंच लागतं. त्यात संलग्नता, शुल्करचना, तीन वर्षांचे निकाल, पालक-शिक्षक संघाचे सदस्य आणि शिक्षकांची संख्या असते. पान सापडत नसेल किंवा माहिती जुनी असेल, तर तेही उत्तरच समजा.

निकालाच्या तक्त्यात टक्क्यांआधी बसलेल्या विद्यार्थ्यांचा आकडा वाचा. समजा दहावीला १२० बसले आणि सगळे पास झाले; पण हीच तुकडी सातवीत असताना पट १९० होता. मग ७० मुलं गेली कुठे? काहींच्या वडिलांची बदली झाली असेल. पण 'तुमच्या मुलाला दुसरी शाळा मानवेल' असं सांगून नववीत दाखला हातात ठेवणं नवं नाही. जुना पट शाळेकडेच मागा.

शिक्षकांसाठी सीबीएसईचं प्रमाण तुकडीमागे दीड आहे : ४० तुकड्या, तर ६० शिक्षक. पण संख्या पुरी असली तरी माणसं टिकतात की नाही, हे पानावर दिसत नाही. तिसरी-चौथीतल्या मुलांच्या आयांना विचारा, वर्षभरात वर्गशिक्षिका किती वेळा बदलल्या. प्रवेश कार्यालयापेक्षा फाटकाबाहेर खरं कळतं.

प्रश्न : जवळची शाळा 'आयबी कँडिडेट' आहे, शुल्क दोन लाख. घ्यावा का प्रवेश? (नाशिक)

आयबी म्हणजे 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आणि 'कँडिडेट' म्हणजे त्याच्या मान्यतेचा अर्जदार. मान्यता अजून मिळालेली नाही. शिवाय पीवायपी (प्राथमिक), एमवायपी (माध्यमिक) आणि डिप्लोमा (अकरावी-बारावी) यांची मान्यता वेगवेगळी मिळते. प्राथमिकची आहे म्हणून बारावीपर्यंतची असेल असं धरू नका. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. वरच्या वर्गांसाठी डिप्लोमाची सरासरी सांगितली (कमाल ४५ गुण, उत्तीर्ण व्हायला किमान २४), तर पूर्ण डिप्लोमाला किती मुलं बसली तेही विचारा. आठ हुशार मुलांची सरासरी झकासच येणार.

आता पैसे. महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शुल्क ठरतं आणि ते दोन वर्षं बांधील असतं. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली, तर पहिलीतले दोन लाख दहावीत साडेतीन होतात आणि दहा वर्षांची बेरीज सुमारे २७ लाख. बस, पुस्तकं, सहली वेगळ्या. हा आकडा घरात मांडून मगच फॉर्म भरा.

प्रश्न : पहिलीच्या प्रवेशासाठी शाळा आमची मुलाखत घेणार आहे आणि 'विकासनिधी'ही मागते. (मुंबई)

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ने दोन्हींना मनाई आहे : मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, देणगीही नाही. चाचणीबद्दल पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड. देणगीबद्दल घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. अल्पसंख्याक संस्थांना मात्र हा कायदा लागू नाही. मागणी लेखी मागा, प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि तक्रार शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात द्या. बहुतेकदा लेखी मागितल्यावरच निधीचा विषय मागे पडतो.